कोविडच्या साथीत टीबीच्या रुग्णांचं काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीबीच्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलताना काही प्रश्न फिरून फिरून येतात. कोविडची साथ ओसरून बराच काळ झाला, तरी त्या काळात अर्धवट राहिलेले उपचार आणि हुकलेली निदानं यांबद्दलचे प्रश्न थांबलेले नाहीत. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे जरा गुंतागुंतीचे. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. गोळ्या सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं हा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांनी किंवा टीबी केंद्रानेच घ्यायचा आहे.

१. टीबी आणि कोविड हे दोन वेगळे आजार. मग एकाची साथ आली म्हणून दुसऱ्याचे रुग्ण अडचणीत का आले?

आजार वेगळेच आहेत. टीबी जिवाणूमुळे होतो, कोविड विषाणूमुळे. पण दोन्हींसाठी लागणारी माणसं, यंत्रं, खाटा आणि प्रयोगशाळा बऱ्याच अंशी एकच होत्या. छातीचे डॉक्टर तेच, लॅब टेक्निशियन तेच, घरोघरी जाणाऱ्या आशाताई त्याच. लक्षणंही एकमेकांत मिसळणारी: खोकला, ताप, दम, थकवा. त्यामुळे कोविडने एकाच वेळी तपासणीची क्षमता ओढून घेतली आणि रुग्णाची दवाखान्यात जायची हिंमतही.

२४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली याच तारखेला टीबीच्या जिवाणूचा शोध जाहीर केला. २०२० साली नेमक्या याच दिवशी संध्याकाळी देशभर लॉकडाऊन जाहीर झाला. त्या वर्षी टीबी दिनाची आठवण कुणाला राहिली नाही, आणि पुढचे कित्येक महिने टीबीचीही राहिली नाही.

२. २०२० मध्ये टीबीच्या रुग्णांची संख्या कमी झाली असं वाचलं. मग ही चांगली बातमी नव्हती का?

नाही. हा गैरसमज अजूनही सुशिक्षित लोकांकडून ऐकायला मिळतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

वर्तमानपत्रात येतो तो आकडा टीबी झालेल्यांचा नसतो, नोंद झालेल्यांचा असतो. भारतात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर आली, म्हणजे थेट चौथा हिस्सा गळाला. जगभरात हाच आकडा ७१ लाखांवरून ५८ लाखांवर आला. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की जगातल्या या घटीपैकी ४१ टक्के घट एकट्या भारतातली होती.

टीबी असा एका वर्षात चौथ्या हिश्शाने कमी होत नाही. चांगला चाललेला कार्यक्रमही तो वर्षाला काही टक्क्यांनीच खाली आणू शकतो. शिवाय त्या वर्षीची घट बाराही महिन्यांत सारखी पसरलेली नव्हती. वर्षाच्या सुरुवातीला नोंदणी नेहमीसारखी चालू होती, लॉकडाऊन लागला आणि ती एकदम कोसळली. जिवाणूला लॉकडाऊनची तारीख कळत नाही. त्या तारखेला बंद झाली ती तपासणी.

मग ते सहा लाख लोक गेले कुठे? काहींचं निदान उशिरा झालं. २०२१ मध्ये नोंद २१ लाखांच्या वर गेली, २०२२ मध्ये ती पुन्हा २४ लाखांच्या पुढे आली आणि २०२३ मध्ये साडेपंचवीस लाखांच्या आसपास पोहोचली. या वाढीत मागे राहिलेलेही होते. पण सगळे परत आले नाहीत. उपचार मिळाले नाहीत तर टीबीच्या जवळपास निम्म्या रुग्णांचा मृत्यू होतो. २०२० मध्ये जगभरात टीबीचे मृत्यू वाढले. दहा वर्षांहून अधिक काळ ते दरवर्षी कमी होत आले होते.

३. पण लोक घरात होते, बाहेर मास्क होते. टीबीचा प्रसार खरंच कमी झाला नसेल का?

बसमध्ये, ऑफिसात, बाजारात थोडा कमी झाला असणार. मास्क टीबीसाठीही उपयोगी आहे, आणि खोकणाऱ्या रुग्णाने तो लावला तर जास्तच. पण टीबी मुख्यतः पसरतो तो बंद, हवा न खेळणाऱ्या जागेत तासन्‌तास सोबत राहिल्याने. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, कामधंदा बंद, दार लावलेलं आणि घरातल्या एकाला निदान न झालेला टीबी. धारावीत, गोवंडीत, भिवंडीच्या चाळींत लॉकडाऊन असाच गेला. घरात मास्क कोण लावतो? निदान न झालेला एक रुग्ण वर्षभरात जवळच्या पाच ते पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो.

शिवाय आज संसर्ग झाला म्हणून आज आजार होत नाही. काही महिन्यांनी, दोन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा तो उठतो. त्यामुळे २०२० च्या संसर्गाचा हिशेब २०२० च्या आकड्यांत सापडणार नाही.

४. तपासण्या नेमक्या कशामुळे थांबल्या? सरकारी टीबी केंद्रं तर बंद नव्हती ना?

कागदावर बंद नव्हती. टीबीची सेवा अत्यावश्यकच होती आणि केंद्राने ती चालू ठेवायच्या सूचनाही दिल्या होत्या. प्रत्यक्षात चार ठिकाणी गाडी अडली.

पहिलं म्हणजे यंत्र. टीबीची जलद तपासणी सीबीनॅट यंत्रावर होते. नेहमीच्या यंत्रात चार कप्पे असतात. एका कप्प्यात एका रुग्णाच्या थुंकीचं एक कार्ट्रिज बसतं आणि त्याला साधारण दोन तास लागतात. म्हणजे आठ तासांच्या पाळीत फार तर सोळा तपासण्या. टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, ही दोन्ही उत्तरं त्यात एकदम मिळतात. याच यंत्रावर वेगळं कार्ट्रिज लावून कोविडची तपासणी करता येते. कोविडचा अहवाल तातडीने हवा असायचा, टीबीचा ‘उद्या पाहू’. सोळापैकी दहा जागा कोविडला गेल्या की टीबीसाठी किती उरतात ते दिसतंच.

दुसरं म्हणजे माणसं. टीबी युनिटचे पर्यवेक्षक, टेक्निशियन, आशाताई यांना कोविडच्या सर्वेक्षणाला, स्वॅब गोळा करायला, विलगीकरण केंद्रांवर लावलं गेलं. टीबीचा रुग्ण शोधायचा तर कुणीतरी दारात जाऊन ‘खोकला किती दिवस आहे?’ असं विचारावं लागतं. विचारणारंच उरलं नाही.

तिसरं म्हणजे खाजगी दवाखाने. आपल्याकडे खोकल्याचा रुग्ण आधी नाक्यावरच्या डॉक्टरांकडे जातो, तिथून एक्स-रेला आणि मग पुढे. २०२० च्या उन्हाळ्यात यांतले कितीतरी दवाखाने बंद होते. उघडे होते त्यांतल्या अनेक ठिकाणी खोकणाऱ्याला दारातूनच परत पाठवत. थुंकीचा नमुना घ्यायलाही लोक घाबरत होते, कारण खोकून बेडका काढताना तुषार उडतात.

चौथं म्हणजे प्रवास. एसटी बंद, रिक्षा बंद. मुंबईची लोकल सर्वांसाठी, तीही ठरावीक वेळेत, सुरू झाली १ फेब्रुवारी २०२१ ला. कल्याण-बदलापूरहून शिवडीच्या टीबी रुग्णालयात येणाऱ्या माणसाने तोवर यायचं कसं?

या चौघांपेक्षा मोठी होती ती भीती. सुरुवातीला हातावर विलगीकरणाचा शिक्का मारला जात होता, इमारती सील होत होत्या. खोकला सांगितला तर आपल्याला उचलून नेतील, शेजारी वाळीत टाकतील, म्हणून लोकांनी खोकला लपवला. टीबी आधीच लपवायचा आजार. त्यात ही भर पडली.

५. ट्रूनॅट हे यंत्र कोविडसाठी आणलं होतं की टीबीसाठी?

मूळचं टीबीसाठी. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं हे यंत्र बॅटरीवर चालतं, त्यामुळे ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. एप्रिल २०२० मध्ये आयसीएमआरने ते कोविडच्या तपासणीसाठीही मान्य केलं आणि राज्यांनी ते मोठ्या संख्येने घेतलं. साथीच्या काळात ते टीबीपासून दूर गेलं हे खरं. पण नंतर ही यंत्रं तालुक्यात, पीएचसीत राहिली आणि टीबीकडे वळली. साथीने टीबी कार्यक्रमाला काही दिलं असेल तर ते हेच. अट एकच: त्या यंत्राच्या चिप्स साठ्यात असल्या पाहिजेत आणि चालवणारा माणूस जागेवर असला पाहिजे.

६. लॉकडाऊनमध्ये गावी निघून गेलेल्या मजुरांच्या गोळ्यांचं काय झालं?

ज्यांच्याकडे निक्षय आयडी होता आणि ज्यांनी तो गावातल्या केंद्रात दाखवला, त्यांचे उपचार तिकडे वळवता आले. निक्षय ही देशभराची एकच संगणकीय नोंद आहे. मुंबईत नोंदलेल्या रुग्णाला आझमगढच्या किंवा बीडच्या केंद्रातही गोळ्या मिळू शकतात. केंद्राने रुग्णांना महिन्याभराचा किंवा जास्तीचा साठा हातात द्यायलाही सांगितलं होतं.

अडचण अशी की लोक रात्रीतून चालत निघाले. श्रमिक रेल्वे १ मे २०२० पासून सुरू झाल्या, तोवर पाच आठवडे उलटले होते. हातातल्या गोळ्या संपल्या, फाइल खोलीवर राहिली, मोबाइलचा नंबर बदलला. गावात सांगायची लाज वाटली, कारण शहरातून आलेल्याला आधीच वेशीबाहेर शाळेत ठेवलं होतं. असे कितीतरी जण बरं वाटतंय म्हणून थांबले. त्यांनी आता काय करावं ते प्रश्न १० आणि १६ मध्ये आहे.

७. खोकला आहे, कोविडची टेस्ट निगेटिव्ह आली. आता निर्धास्त राहू का?

कोविडचा निगेटिव्ह अहवाल एवढंच सांगतो की त्या दिवशी, त्या नमुन्यात कोविड सापडला नाही. खोकला कशाचा आहे, हा प्रश्न तसाच उभा राहतो. साथीच्या काळात हजारो घरांत चौकशी इथेच संपली, ‘चला, कोविड नाही’ म्हणून.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणं, भूक मरणं, थुंकीतून रक्त यांपैकी काहीही असेल तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्या. कोविड बहुधा काही दिवसांत झपाट्याने चढतो, टीबी आठवड्याआठवड्याने पोखरतो. हा फरक उपयोगी आहे, पण त्यावर विसंबून तपासणी टाळू नका.

थुंकी देताना एक गोष्ट सांभाळा: तोंडातली लाळ चालत नाही. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, मोकळ्या हवेत उभं राहून दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका काढा. घट्ट, पिवळसर बेडका आला तर नमुना चांगला. नुसतं फेसाळ पाणी दिलं तर अहवाल निगेटिव्ह येतो आणि तुम्ही फसता. लहान मुलांना बेडका काढता येत नाही. त्यांच्यासाठी पोटातल्या द्रवाचा किंवा शौचाचा नमुनाही चालतो, तसं डॉक्टरांना विचारा.

८. आणि कोविड पॉझिटिव्ह आला तर? मग टीबी नाही असं धरायचं का?

तसंही धरू नका. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. म्हणूनच ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दुहेरी तपासणीच्या सूचना काढल्या: कोविडच्या रुग्णाला टीबीची लक्षणं विचारायची आणि टीबीच्या रुग्णाची कोविडसाठी तपासणी करायची. कागदावर नियम चांगला होता. गर्दीच्या वॉर्डात तो किती पाळला गेला, हे तिथे दाखल असलेल्यांना ठाऊक आहे. कोविड बरा होऊन दोन-तीन आठवडे झाले आणि खोकला किंवा ताप तसाच आहे, तर ‘कोविडनंतरचा अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका.

९. तेव्हा एचआरसीटीचा (छातीच्या सीटी स्कॅनचा) स्कोअर ९ आला होता, कोविडचे उपचार झाले. दोन वर्षांनी त्याच फुप्फुसात टीबी निघाला. चूक कुणाची?

एका रुग्णाबद्दल असं लांबून सांगता येत नाही. पण असं का घडू शकतं ते सांगता येतं.

त्या काळात ‘स्कोअर किती आला?’ हा घराघरातला प्रश्न होता. पंचवीसपैकी आलेला तो आकडा फुप्फुसाचा किती भाग आजारी दिसतो हे सांगतो, कोणत्या आजाराने ते सांगत नाही. कोविडचे डाग बहुधा दोन्ही बाजूंना, खालच्या आणि कडेच्या भागात धुरकट दिसतात. टीबी पुष्कळदा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतो, त्यात पोकळी किंवा छोट्या गाठी दिसतात. साथीच्या ऐन भरात अहवाल लिहिणाऱ्यांसमोर रोज शेकड्याने फिल्म होत्या आणि घरच्यांना हवा होता फक्त आकडा. अहवालात खाली एखादी ओळ ‘वरच्या भागात जुने व्रण, टीबीचा विचार व्हावा’ अशी असली तरी ती वाचली गेली नाही.

तुमच्याकडे त्या काळातलं सीटी अजून असेल तर फेकू नका. छातीच्या डॉक्टरांना दाखवा. आताच्या एक्स-रेशी ते ताडून पाहता येतं आणि डाग जुना की नवा, हे त्यावरून बरंच उलगडतं.

याला जोडूनच विचारलं जातं की कोविडमध्ये घेतलेल्या स्टेरॉइडमुळे टीबी उठतो का. ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांना थोड्या दिवसांसाठी दिलेल्या डेक्सामेथासोनने जीव वाचवले, हे सिद्ध झालेलं आहे. अडचण झाली ती गरज नसताना, किंवा गरज संपल्यावरही आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड चालू ठेवण्याने. दिवसाला १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन किंवा त्याहून जास्त, महिनाभर किंवा पुढे, असं घेतलं तर सुप्त टीबी जागा होण्याचा धोका वाढतो. त्यात स्टेरॉइडने साखर चढते, आणि मधुमेहात टीबीचा धोका दोन ते तीन पट असतो. मात्र कोविडमुळे देशात टीबीचे रुग्ण वाढले असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये स्पष्ट केलं होतं. तेव्हा सरसकट घाबरू नका. पण लांबलेला स्टेरॉइडचा कोर्स आणि मधुमेह असं दोन्ही असेल तर खोकल्याला दोन आठवडेही देऊ नका, आधीच तपासा.

१०. गोळ्या मध्येच बंद पडल्या होत्या. उरलेली पाकिटं घरात आहेत. तीच पुन्हा सुरू करू का?

करू नका. कळकळीने सांगतो, हे स्वतःच्या मनाने करू नका.

साध्या टीबीचे उपचार सहा महिन्यांचे असतात. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्बुटॉल, नंतरचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. थोड्या दिवसांचा खंड असेल तर केंद्रात सांगितल्यावर बहुधा तोच कोर्स पुढे चालवतात. सलग महिनाभर किंवा जास्त खंड पडला असेल तर आधी पुन्हा तपासणी करून औषधं अजून लागू पडतात का ते पाहावं लागतं. अर्धवट औषधांतून वाचलेले जिवाणू चिवट होतात. मग साध्या टीबीचा एमडीआर टीबी (मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी) होतो आणि औषधंही बदलतात.

लाज वाटत असेल, ओरडा बसेल असं वाटत असेल, तरी जा. लॉकडाऊनमध्ये गोळ्या तुटल्या यात तुमचा दोष नाही, आणि कुणी तसं सुनावलं तर तो सुनावणाराच चुकतो. जवळचं केंद्र माहीत नसेल तर निक्षयची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-६६६६.

११. टीबीच्या गोळ्या चालू असताना कोविड झाला तर गोळ्या थांबवायच्या का?

नाही. टीबीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या असतात. पण कोविडचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना टीबीच्या गोळ्यांचं पाकीट दाखवाच, कारण काही औषधं एकमेकांशी जुळत नाहीत.

रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधं झपाट्याने मोडायला लावतं. कोविडवरच्या निर्मात्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर या गोळ्या त्यासोबत देतच नाहीत. रिफाम्पिसिन बंद केल्यावरही तो परिणाम सुमारे दोन आठवडे टिकतो, म्हणून ‘पाच दिवस टीबीच्या गोळ्या थांबवू’ ही युक्ती चालत नाही. डेक्सामेथासोनचा असरही रिफाम्पिसिनमुळे कमी होतो. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच, आणि ही गोष्ट बायकांना कुणी सांगत नाही.

एमडीआर टीबीसाठी बेडाक्विलिन चालू असेल तर आणखी जपायला हवं. ते हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत लयीवर परिणाम करतं. २०२० मध्ये सर्रास दिली गेलेली अॅझिथ्रोमायसिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हीसुद्धा तोच परिणाम करतात. एकत्र घ्यायची वेळ आली तर ईसीजी पाहिल्याशिवाय नाही.

आणखी एक सापळा आहे. निदान न झालेल्या खोकल्यावर ‘न्यूमोनिया असेल’ म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन दिलं जातं. ते टीबीवरही थोडं काम करतं. त्यामुळे चार दिवस बरं वाटतं, थुंकीत जिवाणू सापडत नाहीत आणि निदान लांबतं. असं औषध सुरू होण्याआधी थुंकी तपासायला द्या.

१२. आम्ही खाजगी डॉक्टरांकडे उपचार घेतो. सरकारी नोंद कशाला?

२०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद बंधनकारक आहे, डॉक्टर खाजगी असले तरी. रुग्णाच्या दृष्टीने खरा फायदा साथीत दिसला: दवाखाना बंद पडला तेव्हा नोंद असलेल्याला दुसरीकडे गोळ्या मिळाल्या, नोंद नसलेला शोधत फिरला. नोंद असेल तर औषधं आणि जलद तपासणी मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून उपचार संपेपर्यंत दरमहा पैसेही मिळतात. ही रक्कम २०१८ पासून ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. डॉक्टर बदलायची सक्ती नाही.

१३. बीसीजीच्या लशीमुळे भारतीयांना कोविड कमी होतो, हे खरं होतं का?

सुरुवातीला तशी आशा होती. मोठ्या चाचणीत आरोग्य कर्मचाऱ्यांना बीसीजी देऊन पाहिली, तेव्हा कोविडपासून संरक्षण दिसलं नाही. बीसीजी बाळाला जन्मतःच द्यायची ती मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून जपण्यासाठी. त्यासाठी ती मोलाची आहेच.

१४. हे फक्त टीबीचंच झालं का? बाकीच्या आजारांचं काय?

बाकीच्यांचंही झालं. सगळ्यात ठळक उदाहरण मुंबईनेच पाहिलं. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवर उसळला, मुलं दगावली, आणि मालेगाव-भिवंडीतही साथ पसरली. गोवराची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असते. २०२०-२१ मध्ये या वयात असलेल्या कितीतरी बाळांचे डोस हुकले होते. डीटीपीचा (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकल्याच्या लशीचा) पहिला डोसही न मिळालेली बाळं भारतात २०१९ मध्ये सुमारे १४ लाख होती, २०२० मध्ये ती सुमारे ३० लाख झाली. गोवर थोपवायला ९५ टक्के मुलांना लस लागते. दाट वस्तीत थोडं भगदाड पडलं तरी तो आत शिरतो. मग साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यावे लागले.

मलेरियाने जगात २०२० मध्ये आदल्या वर्षीपेक्षा ६९,००० जास्त बळी घेतले. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश सेवा खंडित झाल्यामुळे गेले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. मुंबईच्या पावसाळ्यात तापाच्या प्रत्येक रुग्णाला आधी कोविडच्या रांगेत उभं केलं जात होतं, आणि लेप्टोमध्ये (साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापात) तर पहिले दोन-तीन दिवसच मोलाचे असतात.

एचआयव्हीच्या बाबतीत एक चांगली गोष्ट झाली: एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या रोजच्या औषधांच्या) गोळ्या तीन-तीन महिन्यांच्या एकदम द्यायला परवानगी मिळाली, संस्थांचे कार्यकर्ते त्या घरपोच करत होते.

आणि हे आधी कळायला हवं होतं. २०१४-१५ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये इबोलाने सुमारे ११,३०० माणसं नेली. त्याच काळात मलेरिया, एचआयव्ही आणि टीबीच्या उपचारांत खंड पडल्याने जवळपास तेवढीच आणखी माणसं गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. इशारा आपल्यासमोर होता.

१५. २०२५ पर्यंत टीबीमुक्त भारत व्हायचं होतं. ते कोविडमुळेच हुकलं ना?

कोविडने मोठा धक्का दिला, पण सगळं त्याच्या माथी मारणं बरोबर नाही. २०१५ मध्ये लाखामागे २३७ जणांना दरवर्षी टीबी होत होता, २०२३ मध्ये १९५. जगाच्या सरासरीपेक्षा ही घट चांगली आहे. पण लक्ष्य ८० टक्के घटीचं होतं. कुपोषण, दाट वस्ती, मधुमेह, तंबाखू हे सगळं साथीच्या आधीपासून होतं आणि आजही आहे. कोविडचं नाव पुढे केलं की या गोष्टी मागे ढकलायला सोप्या जातात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

१६. २०२० मध्ये वडिलांचे उपचार चौथ्या महिन्यात तुटले. आता त्यांना काहीच त्रास नाही. तरी तपासायचं का?

हो. त्रास नाही म्हणजे आजार नाही, असं टीबीत धरता येत नाही. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पाहणीत (कोविडमुळे तिलाही मध्ये थांबावं लागलं होतं) लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारांसाठी कुठेच गेलेले नव्हते. आणि नुसती लक्षणं विचारून थांबले असते, एक्स-रे काढला नसता, तर ४० टक्क्यांहून जास्त रुग्ण सुटले असते. तेव्हा एक्स-रे काढाच.

इथे एक अपवाद ध्यानात ठेवा. सीबीनॅट आणि ट्रूनॅट जिवाणूचा डीएनए शोधतात, तो जिवंत आहे की मेलेला हे त्यांना कळत नाही. पूर्वी उपचार झालेल्या माणसाच्या फुप्फुसात मेलेल्या जिवाणूंचे अवशेष राहतात आणि अहवाल खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून जुन्या रुग्णात नुसत्या या अहवालावर पुन्हा सहा महिन्यांचा कोर्स सुरू होत असेल, तर कल्चर करायचं का ते जरूर विचारा. कल्चरमध्ये फक्त जिवंत जिवाणू वाढतात. त्याला काही आठवडे लागतात, पण शंका असेल तर थांबण्यासारखं आहे. माणूस आजारी दिसत असेल तर मात्र डॉक्टर कल्चरची वाट न पाहता औषध सुरू करतील, आणि तेच योग्य.

वडिलांची फाइल हरवली असेल तरी निक्षयमध्ये जुनी नोंद सापडते, त्यांचं पूर्ण नाव आणि तेव्हाचा मोबाइल नंबर घेऊन जा. जाताना घरातल्या इतरांनाही न्या. वडिलांना टीबी असल्याचं निघालं तर सोबत राहणाऱ्यांना, त्यातही पाच वर्षांखालच्या मुलांना, आजार नसल्याची खात्री करून प्रतिबंधक गोळ्या देतात. घरात बाळ असेल तर ही गोष्ट केंद्रात तुम्हीच आधी सांगा.